तांब्याच्या गुंडापासून संत्र्याच्या क्रेटपर्यंत

वऱ्हाडातल्या जुन्या घरांत पिण्याचे पाणी तांब्याच्या गुंडात भरत. ताक आणि चिंचेचे सार मात्र कल्हईच्या भांड्यात. साध्या पाण्यात तांबे अगदी थोडे सुटते, आंबटात इतके की पदार्थ कळकतो. क्रेट, पिशवी किंवा दुधाच्या कॅनला नॅनोकणांचा, म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मीटरच्या अब्जाव्या भागात) मोजाव्या लागणाऱ्या कणांचा, जंतुरोधक थर देताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. चांदी, जस्त, तांबे जंतू मारतात ते मुख्यतः आयन (विद्युतभार असलेले अणू) सोडून, आणि सुटलेला आयन अन्नातही उतरतो.

पाण्यातल्या नाममात्र धातूनेही शेवाळ मरते, हे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांचे निरीक्षण 1893 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापले गेले. त्याआधी 1889 मध्ये रसायनतज्ज्ञ कॅरी ली यांनी सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) वापरून चांदीचे कलिल, म्हणजे पाण्यात तरंगत्या सूक्ष्म कणांचे मिश्रण, तयार केले होते. त्यातले कण आजच्या भाषेत नॅनोच होते. कण लहान करण्याचा फायदा सोपा आहे: 1 मायक्रॉनऐवजी (1000 नॅनोमीटर) 20 नॅनोमीटरचे कण घेतले, तर तेवढ्याच वजनाला 50 पट पृष्ठभाग मिळतो.

या प्रवासात अमरावतीचाही वाटा आहे. तिथल्या विद्यापीठातल्या महेंद्र राय यांच्या गटाने 2008 मध्ये फ्युजेरियम बुरशीकडून चांदीचे नॅनोकण तयार करून घेतल्याचे प्रसिद्ध केले.

टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पदार्थाच्या थराची वाट वेगळी. फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये त्याची प्रकाशात चालणारी क्रिया दाखवली. 1985 मध्ये मात्सुनागा यांच्या गटाने तिने जंतू मरतात हे दाखवले. पण त्याच्या नेहमीच्या अ‍ॅनाटेज या स्फटिक प्रकाराला साधारण 390 नॅनोमीटरखालची अतिनील किरणे लागतात. शीतगृहाच्या अंधारात हा थर निव्वळ पांढरा रंग ठरतो.

सर्वांत जास्त फसगत चाचणीच्या आकड्यांत होते. जंतुरोधक पृष्ठभागांची जपानची 2000 सालची चाचणी 2007 मध्ये आयएसओ 22196 हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. तीत 5 सेंमी बाजूच्या चौरस तुकड्यावर 0.4 मिली जंतुद्रव टाकून वर फिल्म झाकतात आणि 35 अंश तापमान व 90 टक्क्यांवर आर्द्रतेत 24 तास ठेवतात. म्हणजे ओलावा आणि संपर्क दोन्ही पुरेपूर. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्यांच्या कोरड्या क्रेटमध्ये ते नसतात. शिवाय संत्र्याची हिरवी बुरशी सालीच्या जखमेतून शिरते. देठ ओढून तोडलेल्या फळाला क्रेटचा थर वाचवू शकत नाही. कात्रीने देठ कापणे वाचवते.

कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) आणि जस्ताचा लेप करणाऱ्यांची नेहमीची चूक अशी: कायटोसान 1 टक्का अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवतात आणि त्यातच झिंक ऑक्साइड घालतात. आम्लात ते विरघळते, नॅनोकण उरतच नाहीत. उलट कण नीट न फोडता घातले तर गुठळ्या होतात आणि लेप ठिपकेदार बसतो.

कायद्याने सुटणाऱ्या धातूला मर्यादा घातली. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांत प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या जस्ताची मर्यादा किलोला 25 मिलिग्रॅम आहे. युरोपात प्लास्टिकमधल्या नॅनो रूपाला वेगळी परवानगी लागते. आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो अन्नपदार्थ तपासण्याची मार्गदर्शक तत्त्वे 2020 मध्ये काढली.

दुधाच्या कॅनमध्ये चांदी आणखी लवकर हरते. दुधातले क्लोराइड आणि प्रथिने आयनांना बांधून टाकतात, वर दुधाचा थर चढला की जंतू धातूपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून कॅन आधी कोमट पाण्याने खंगाळायचा, मग गरम सोड्याने घासायचा. पहिलेच पाणी उकळते घेतले तर प्रथिने भांड्याला शिजून चिकटतात.