बेरीज वरून खाली, बेरीज खालून वर

किराणा दुकानदार बिलाची बेरीज एकदा वरून खाली करतो आणि खात्रीसाठी पुन्हा खालून वर. दोन्ही वेळा आकडा तोच यायला हवा. नाही आला, तर चूक दुकानदाराची. बेरजेवर कुणी शंका घेत नाही. बीएस्सीला गणित घेतलेल्या मुलामुलींना मात्र साधारण एसवायच्या सुमारास या बेरजेवरही शंका घ्यायला लावतात.

गणितात पदवी करतोय म्हटलं की लोकांना वाटतं, बारावीचंच गणित आणखी मोठ्या आकड्यांनी चाललेलं असणार. ("मग पुढे काय, बी.एड. का?" हा प्रश्न लगेच येतोच.) प्रत्यक्षात आकडे कमी होत जातात. टीवायच्या वहीत पानंच्या पानं एकही आकडा नसतो. बारावीला शंभरपैकी पंच्याण्णव मिळवलेल्या मुलाला रिअल अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे सीमा आणि अनंत बेरजांच्या काटेकोर अभ्यासाच्या, पहिल्या पेपरात चाळीस पडतात आणि नेमकं काय चुकलं हे त्याला कळतही नाही. माझं तसंच झालं होतं.

मला पहिल्यांदा धक्का दिला तो या श्रेणीने:

१ − १/२ + १/३ − १/४ + १/५ − १/६ + …

एक पद मिळवायचं, पुढचं वजा करायचं. बेरीज मागेपुढे हेलकावत जाते: १, ०.५, ०.८३, ०.५८, ०.७८… हेलकावे लहान होत होत ०.६९३ च्या आसपास स्थिरावतात. आता एकही पद न गाळता आणि एकही पद दोनदा न घेता फक्त रांग बदलू. एक अधिकचं पद, मग दोन उण्याची:

१ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + १/५ − १/१० − १/१२ + …

प्रत्येक अधिकचं पद त्याच्या लगेच पुढच्या उण्या पदाशी जोडा. १ − १/२ म्हणजे १/२, १/३ − १/६ म्हणजे १/६, १/५ − १/१० म्हणजे १/१०. उरतं ते असं: १/२ − १/४ + १/६ − १/८ + १/१० − १/१२ + … ही तर मूळ श्रेणीच झाली, प्रत्येक पद निम्मं केलेली! म्हणजे बेरीजही निम्मी, सुमारे ०.३४७. माल तोच, दरही तेच, पण बिल अर्ध्यावर आलं.

बर्नहार्ट रीमान या जर्मन गणितज्ञाने १८५४ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात याच्याही पुढचं सांगितलं आहे. तुम्हाला हवी ती संख्या सांगा, याच पदांची अशी रांग लावता येते की बेरीज तेवढीच येईल. समजा २ हवेत. नुसती अधिकची पदं घेत चला: १ + १/३ + १/५ … १/१५ पर्यंत आलात की बेरीज २ च्या किंचित पुढे जाते. मग एक उणं पद, १/२, घाला, बेरीज १.५२ वर घसरते. पुन्हा १/१७ पासून अधिकची पदं घ्या. १/४१ ला पुन्हा २ ओलांडले जातात. मग १/४ वजा करा. असंच चालू ठेवायचं. पदं लहान लहान होत असल्याने दर वेळचं ओलांडणं आणि घसरणंही लहान होत जातं.

यात एकच अडचण येऊ शकते, ती म्हणजे अधिकची पदं मध्येच कमी पडण्याची. ती कधीच कमी पडत नाहीत, कारण १ + १/३ + १/५ + … ही बेरीज कुठल्याही मर्यादेपलीकडे वाढत राहते. १ + १/२ + १/३ + १/४ + … हिचंही तसंच, आणि हे चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच पंडिताने सिद्ध केलं होतं. ती मात्र इतकी सावकाश वाढते की १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात. कॅल्क्युलेटर घेऊन बसणारा शपथेवर सांगेल की ही बेरीज कुठेतरी थांबणार. म्हणून पदवीच्या वर्गात "करून बघितलं, येतंय" याला गुण नसतात.

वाईट वाटतं ते असं, की हे सगळं मला परीक्षेनंतर कळलं. परीक्षेत प्रमेय 'लिहा व सिद्ध करा' असायचं आणि आम्ही ते पाठ करून लिहायचो, श्लोकासारखं. सगळ्यात जास्त पाठ झालेलं वाक्य होतं सीमेच्या (लिमिटच्या) व्याख्येचं: "प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक एन असतो की…" खरं तर हे एक आव्हान आहे: एप्सिलॉन म्हणजे तुम्ही मागाल ते अंतर, एन म्हणजे त्यासाठी मी सांगेन तितकी पदं. वरची पहिली, ०.६९३ ची श्रेणी घ्या. तुम्ही म्हणायचं, उत्तराच्या एक हजारांश इतकं जवळ आणून दाखव. मी म्हणायचं, पहिली हजार पदं घे, त्यानंतर कितीही पदं घेतलीस तरी बेरीज त्या अंतराबाहेर जाणार नाही. तुम्ही एक दशलक्षांश म्हणालात, तर मी दहा लाख पदं सांगेन. तुमच्या प्रत्येक मागणीला माझ्याकडे उत्तर असलं, की श्रेणी अभिसारी.

इथेही क्रमच आडवा येतो, या वेळी शब्दांचा. "प्रत्येक कुलपाला एक किल्ली असते" आणि "एक किल्ली अशी आहे की ती प्रत्येक कुलपाला लागते". शब्द जवळजवळ तेच आहेत, पण दुसरं वाक्य खरं असेल तर घराला कुलूप लावण्यात अर्थ नाही. या दोहोंत घसरणारे आम्हीच नव्हतो. ऑगस्तँ लुई कोशीने १८२१ च्या पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं की सलग फलांची (ज्यांचा आलेख कुठे तुटत नाही अशा फंक्शन्सची) अनंत बेरीज अभिसारी असेल तर तीही सलगच असते. १८२६ मध्ये नील्स आबेल या नॉर्वेच्या तरुणाने साइनच्या एका श्रेणीचं उदाहरण देऊन दाखवलं की या प्रमेयाला अपवाद आहेत. आबेल तेव्हा तेवीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडे एमएस्सीच्या वयाचा. प्रत्येक बिंदूची किल्ली, म्हणजे तो एन, वेगळी असली तर प्रमेय कोसळू शकतं. सगळ्या बिंदूंना एकच किल्ली लागत असेल तर ते टिकतं. तीच आज अभ्यासक्रमातली 'युनिफॉर्म कन्व्हर्जन्स'.

ही काटेकोर भाषा रूढ केली ती प्रामुख्याने कार्ल वायरश्ट्रासने. आयुष्याची चौदाएक वर्षं तो शाळामास्तर होता आणि व्यायामही शिकवायचा. पुढे बर्लिनला त्याची व्याख्यानं गाजली, ती युरोपभर पोचली विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या वह्यांमधून. रिचर्ड डेडेकिंडलाही वर्गानेच अडवलं. १८५८ मध्ये झुरिकला कलन (कॅल्क्युलस) शिकवताना त्याला जाणवलं की आपण ऐन मोक्याच्या जागी आकृतीचा आधार घेतोय. वास्तव संख्या म्हणजे काय, याचं त्याचं उत्तर छापून आलं १८७२ मध्ये.

आपल्याकडे चौदाव्या शतकात केरळच्या माधवाने पायसाठी श्रेणी दिली: १ − १/३ + १/५ − १/७ + … म्हणजे पायचा चौथा भाग. तीही याच नाजूक जातीची, रांग विस्कटली की उत्तर बदलू शकतं. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधवाच्या नावाने गणित स्पर्धा होते, आणि तिच्या आयोजनात पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचा गणित विभाग आहे. तिथले प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत, त्यामुळे एफवायच्या मुलांनी जरूर बसावं.

दुकानदाराची बेरीज सांत, म्हणजे मोजक्या पदांची असते, म्हणून तो निर्धास्त. पण हीच बेरीज संगणकावर करून बघा. १ + १/२ + १/३ + … वरून खाली मिळवत गेलात आणि संगणक प्रत्येक संख्येचे सातेक अंकच लक्षात ठेवत असेल, तर सुमारे एकवीस लाख पदांनंतर बेरीज १५.४ वर गोठते. पुढचं पद इतकं बारीक असतं की मोठ्या आकड्यात ते मिसळतच नाही. तेवढीच पदं आणखी घेऊन शेपटाकडून सुरुवात केली, बारकी आधी आणि मोठी शेवटी, तर उत्तर १५.८ च्या आसपास जातं. कुठलंही पद गाळलेलं नसतं, फक्त बेरीज खालून वर केलेली असते.