एकहोफ थिएटर, गोथा

जर्मनीतल्या थुरिंगिया राज्यातल्या गोथा शहरात फ्रीडनश्टाइन राजवाड्याच्या पश्चिम बुरुजात असलेलं जुनं दरबारी नाट्यगृह. राजवाडा ड्यूक अर्न्स्ट पहिला याने १६४३ पासून बांधायला घेतला, थिएटर मात्र त्याच्या मुलाच्या, फ्रीडरिश पहिल्याच्या काळातलं, आणि त्याआधी तिथे चेंडू खेळायचा हॉल होता.

थिएटरचं साल कुठलं धरायचं यावर एकमत नाही. काही जण १६८१ सांगतात कारण हॉलचं रूपांतर तेव्हा सुरू झालं, काही जण १६८३ म्हणजे पहिल्या प्रयोगाचं साल, आणि दृश्य बदलायची यंत्रणा पूर्ण व्हायला साधारण १६८७ उजाडलं असावं. त्यामुळे एकच साल ठोकून सांगण्यापेक्षा हा सगळा टप्पा धरणं जास्त बरोबर वाटतं. 'सगळ्यात जुनं थिएटर' हे बिरुदही इथे जपून वापरायला हवं, कारण इटलीतल्या विचेंझा शहरातलं ओलिंपिको थिएटर १५८५ चं आहे, पण तिथला सेट कायमचा बांधलेला, हलत नाही. इथली खरी श्रीमंती म्हणजे चालू अवस्थेतली बरोक (त्या काळातल्या युरोपीय शैलीची) यंत्रणा.

ती चालते अशी: रंगवलेल्या विंगा (स्टेजच्या बाजूंना उभी असणारी देखाव्याची पॅनेलं) स्टेजच्या खाली चाकांच्या गाड्यांवर उभ्या असतात आणि फळ्यांमधल्या खाचांतून वर येतात, सगळ्या गाड्यांचे दोर खालच्या एकाच मोठ्या आडव्या लाकडी दांड्याला बांधलेले, रहाट फिरवावा तसा तो माणसांनी फिरवला की जुन्या विंगा आत जातात आणि त्याच वेळी नव्या बाहेर येतात, पडदा न पाडता, काही सेकंदांत जंगलाचा महाल होतो! ही पद्धत व्हेनिसमध्ये जाकोमो तोरेल्ली या नेपथ्यकाराने १६४० च्या दशकात रुजवली असं बहुतेक मानतात. वारा आणि गडगडाट काढायची यंत्रंही आहेत.

१७७४ मध्ये वायमार शहरातला राजवाडा जळाला आणि तिथली झायलर नाटक मंडळी गोथाला आली, त्यात नट कोनराड एकहोफ (१७२०–१७७८) होता, थिएटरचं नाव त्याच्यावरूनच. संगीतकार गेओर्ग बेंडाच्या 'आरिआड्ने आउफ नाक्सोस' या संगीताच्या साथीने बोलल्या जाणाऱ्या नाटकाचा पहिला प्रयोग जानेवारी १७७५ मध्ये इथलाच. त्याच वर्षी ड्यूक अर्न्स्ट दुसरा याने एकहोफच्या हाताखाली पगारी नटांचं कायमचं दरबारी थिएटर उभं केलं, फिरत्या मंडळींच्या त्या काळात ही फारच मोठी गोष्ट. तरुण नट इफलांट इथेच घडला. १७७९ मध्ये थिएटर बंद झाल्यावर तो आणि इतर काही नट मानहाइमला गेले, तिथे १७८२ मध्ये नाटककार शिलरच्या 'डी रॉयबर' (दरोडेखोर) या नाटकाच्या पहिल्या प्रयोगात खलनायक फ्रान्झ मोरची भूमिका इफलांटनेच केली.

१९९६ पासून दर उन्हाळ्यात एकहोफ महोत्सव होतो, त्यात ही यंत्रणा वापरतात, अजूनही हातानेच.