सिकलसेल विकारातील पित्तखडे व कावीळ

सिकलसेल (दात्रकोशिका) विकारात तांबड्या पेशी अकाली फुटतात. त्यातून उद्भवणारे पित्तमार्गाचे व यकृताचे विकार. खानदेशात ते प्रामुख्याने नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा, मावची इत्यादी समाजांत आढळतात. या भागात अध्यापन करणाऱ्या जठरांत्रतज्ज्ञाला (पचनसंस्थेच्या विशेषज्ञाला) हा विषय टाळता येत नाही.

विकाराचे मूळ बीटा-ग्लोबिन (हिमोग्लोबिनमधील एक प्रथिनसाखळी) जनुकातील एका बदलात आहे : या साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. भारतातील पहिल्या नोंदी १९५२ च्या, निलगिरीतील आदिवासी व आसामातील चहामळ्यांच्या कामगारांमधील. हा बदल एकदाच घडला की अनेकदा, हा वाद जुना आहे. जनुकाभोवतीच्या खुणांवरून सेनेगल, बेनिन, बांटू, कॅमेरून व अरब-भारतीय असे पाच गट पडतात. त्यावरून १९८० च्या दशकात तो किमान चार-पाच ठिकाणी स्वतंत्रपणे घडला असे मत रूढ झाले. श्रायनर व रोटिमी या संशोधकांनी २०१८ मध्ये संपूर्ण जनुकक्रम तपासून आफ्रिकेतील एकच उगम, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा, सुचवला. त्यांच्या नमुन्यांचा भर आफ्रिकी लोकसमूहांवर होता. त्यामुळे अरब-भारतीय गटाचा स्वतंत्र उगम पूर्णपणे बाद झाला असे मानणे घाईचे ठरेल, तरी एकाच उगमाची बाजू आज जड दिसते. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की अरब-भारतीय गटात गर्भीय हिमोग्लोबिन (गर्भावस्थेतील प्रकारचे, पेशी वाकू न देणारे) जास्त, बहुधा १५ ते २५ टक्के असते. जोडीला आल्फा-थॅलसेमिया (हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोष) असल्यास पेशी आणखी कमी फुटतात, आणि खड्यांचे प्रमाणही घटते.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकल पेशी १० ते २०. फुटलेल्या पेशींपासून बनणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य पित्तात उतरून कॅल्शियमसह साचते व काळे, बारीक, ठिसूळ खडे बनतात. गिल्बर्ट दोषही (यकृताची बिलिरुबिन निचरण्याची जन्मजात मंदता) असल्यास ते लहान वयातच दिसतात.

निदानात पहिली चूक होते ती डोळ्यांच्या पिवळेपणावरून. या रुग्णांचे डोळे एरवीही पिवळसर असतात. गावात त्यालाच कावीळ समजून झाडपाला सुरू होतो. असे बिलिरुबिन मुख्यतः इनडायरेक्ट (यकृतात प्रक्रिया न झालेले) असते व लघवीच्या पट्टीवर उतरत नाही. पट्टीवर ते दिसले, डायरेक्टचा (यकृतात प्रक्रिया झालेल्याचा) वाटा वाढला किंवा शौच पांढरट झाले तर अडथळा, यकृतदाह वा सिकल पेशींनी यकृतात केलेली कोंडी शोधावी. रुग्ण बरा असतानाचा बिलिरुबिनचा आकडा त्याच्या सिकलसेल कार्डावर हवाच. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय आजच्या आकड्याला अर्थ नाही. रक्तात मोजल्या जाणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइम) एस.जी.ओ.टी. तांबड्या पेशी फुटूनही वाढतो, म्हणून यकृतासाठी एस.जी.पी.टी. पाहावा. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांच्या दुखण्यातही वाढतो, तेथे जी.जी.टी. उपयोगी.

सोनोग्राफीत खडे दिसले पण त्रास नाही, तर पित्ताशय काढावे का यावर मतभेद आहेत; लक्ष ठेवणे अधिक स्वीकारले जाते. त्रास असल्यास दुर्बिणीतून पित्ताशय काढतात. मुख्य पित्तनलिकेत खडा असल्यास आधी ई.आर.सी.पी. : दुर्बीण तोंडावाटे ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) नेऊन पित्तमार्गाच्या तोंडातून तार सरकवतात, तोंड कापून रुंद करतात आणि फुगा वा जाळीने खडा ओढून घेतात. खरा धोका तयारीत राहतो. उपाशी ठेवल्याने शरीरातील पाणी घटते, आणि त्याने पेशी विळ्यासारख्या वाकतात. म्हणून उपास सुरू होताच सलाइन लावावे, रुग्णाला थंडी वाजू देऊ नये, गुंगीत प्राणवायू द्यावा. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या आसपास आणतात. त्यापुढे रक्त चढवल्यास ते दाट होऊन अपायच होतो. ज्यांचे मुळात ९-१० आहे, त्यांना अदलाबदल रक्तसंक्रमणाचा (रुग्णाचे रक्त काढून त्याजागी दात्याचे देणे) विचार करावा. ई.आर.सी.पी.नंतरचा स्वादुपिंडदाह टाळण्यासाठी गुदमार्गे इंडोमेथॅसिन हे दाहशामक १०० मि.ग्रॅ. देतात, पण मूत्रपिंड बिघडले असल्यास नाही.

यकृत एकाएकी वाढून हिमोग्लोबिन घसरले तर रक्त यकृतात अडकले आहे असे समजावे. अशा संकटकाळात तपासणीसाठी यकृताचा तुकडा काढणे रक्तस्रावामुळे धोक्याचे. वारंवार रक्त घेणाऱ्यांत लोह साठते.

ई.आर.सी.पी.त पित्तनलिकेत प्लास्टिकची नळी (स्टेंट) बसवली असल्यास साधारण तीन महिन्यांच्या आत काढावी वा बदलावी लागते; न काढल्यास ती तुंबून पित्तमार्गात पू होतो. धडगाव, अक्कलकुव्याची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा काढण्याची तारीख निघण्यापूर्वीची ठरवावी व सिकलसेल कार्डावर ठळक लिहावी.