नवी गाडी माइलेज देत नाही? आधी टाकी फुल करा

"शोरूममध्ये वीस सांगितलं होतं, मला बारा पडतंय. काहीतरी ॲडजस्ट करा की!" दसरा-पाडवा झाला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजमध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं. म्हणून हे पान छापलं.

ॲडजस्ट करायला आता काही उरलेलं नाही. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचे दिवस गेले, पेट्रोल किती मारायचं ते इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू ठरवतो. आणि बारा काढलं कसं, असं विचारलं की उत्तर येतं, "हजाराचं टाकलं, काटा परत तिथंच आला." काट्यावरून अंदाज येतो, माप मिळत नाही. बऱ्याच गाड्यांत तो वरच्या निम्म्यात रेंगाळतो आणि खाली भराभर उतरतो.

माप असं घ्या. टाकी फुल करा, नोझलचा पहिला 'टक' वाजला की थांबा, ट्रिप मीटर शून्य करा. तीन-चारशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, त्याच नोझलवर पुन्हा पहिल्या 'टक'पर्यंत भरा. ४१२ किलोमीटरला २४.६ लिटर बसलं तर माइलेज १६.७. चुकतं ते इथंच. पंपावरचा पोरगा विचारतो, "राऊंड करू का?" आपण मान हलवतो आणि अर्धा-एक लिटर जादा जातं. दहा लिटरच्या भरण्यात एक लिटर म्हणजे दहा टक्के चूक! शिवाय जादा पेट्रोल वाफा धरणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरलं, तर तो बदलायचा खर्च वेगळा. सुटे पैसे नसतील तर ऑनलाइन द्या, पण राऊंड नको.

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्या रोलरवर महाद्वार रोडची गर्दी नसते की उसाच्या ट्रॉलीमागं दुसऱ्या गिअरमध्ये रखडणं नसतं. घर ते मंडई दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर इंजिन तापायच्या आत बंद होतं, आणि थंड इंजिन जास्त पितं. रंकाळ्यावर एसी लावून भेळ खात बसलात तर पेट्रोल जळतं, किलोमीटर शून्य. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे गाडी अशा वीस टक्केवाल्या पेट्रोलसाठी (ई-२०) बनवलेली असली तरी थोडा फरक पडतोच. पहिले काही हजार किलोमीटर इंजिन मोकळं व्हायलाही लागतात.

हवेचं मात्र तुमच्या हातात आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. हायवेवरून कागलहून आल्या आल्या हवा तपासली तर ती जादा दिसते, मग पंपवाला सोडून देतो आणि सकाळी टायर बसलेले. आमच्याकडं सकाळी या, हवा फुकट तपासून देतो. चाकांच्या अलाइनमेंटचे पैसे घेतो, पण आधीचा आणि नंतरचा प्रिंट हातात देतो.

तीन टाक्यांची नोंद आणल्याशिवाय माइलेजसाठी गाडी आत घेत नाही, हे काहींना आखडूपणा वाटतो. अहो, आकडा नसताना स्कॅनर लावला तर आमचा अर्धा तास जातो आणि तुमचे पैसे. माइलेज वाढवणाऱ्या बाटल्याही आम्ही ठेवत नाही. नोंद बघून खरंच दोष वाटला, तर गाडी वॉरंटीत आहे तोवर आधी सर्व्हिस सेंटरला पाठवतो, काय सांगायचं ते कागदावर लिहून देतो.

मागच्या बाजूला नोंदीचा तक्ता आहे. तारीख, किलोमीटर, लिटर. कप्प्यात पेनही ठेवा. सोमवारी गॅरेज बंद.