आभासी वास्तव : बालरुग्णांचे लक्ष वळविण्याचे साधन

रक्त काढणे, सलाईन लावणे, टाके घालणे वा काढणे, भाजलेल्या जखमेची पट्टी बदलणे अशा थोडा वेळ चालणाऱ्या, पण लेकरांना धडकी भरविणाऱ्या उपचारांच्या वेळी डोळ्यांवर आभासी वास्तवाचा, म्हणजे संगणकाने रचलेला परिसर भोवती असल्याचा भास देणारा, चष्मा चढवून मुलाचे मन दुसरीकडे गुंतविण्याची पद्धत. दवाखान्यात तिला नुसते ‘व्हीआर’ (व्हर्च्युअल रिॲलिटी) म्हणतात. वेदनाशामक औषधाची किंवा भुलीची जागा ती घेत नाही, त्यांच्या जोडीने वापरली जाते.

‘आभासी वास्तव’ या संज्ञेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. फ्रेंच नाटककार आंतोनँ आर्तो याने १९३८ मध्ये रंगभूमीच्या संदर्भात हाच शब्दप्रयोग फ्रेंचमध्ये केला होता आणि काही जण तोच उगम मानतात. आर्तोचा रोख मात्र नाट्यानुभवाकडे होता. संगणकनिर्मित परिसर या अर्थाने संज्ञा रुळली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॅरन लेनियर यांच्यामुळे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. डोक्यावर बसविण्याचे उपकरण त्याआधीचे असून संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखविलेले यंत्र छताला टांगावे लागे. मराठीत ‘आभासी’ हे विशेषण स्थिरावले आहे. त्यात ‘खोटे’ अशी छटा आहे, ती येथे दिशाभूल करते. दृश्य आभासी असते, मुलाला मिळणारा दिलासा खरा असतो.

वैद्यकीय वापराचा आरंभ सामान्यतः २००० सालापासून मोजतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे हंटर हॉफमन, डेव्हिड पॅटरसन व सहकारी यांनी त्या वर्षी १६ व १७ वर्षे वयाच्या दोन भाजलेल्या मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष प्रयोग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातच सुरू झाले असावेत. त्या मुलांना दाखविलेला परिसर मुळात कोळ्यांची भीती घालविण्यासाठी रचलेला होता, आणि तुलनेसाठी साधा व्हिडिओ गेम ठेवला होता. आभासी परिसरात असताना दोघांनीही वेदना कमी जाणवल्याचे सांगितले. पुढे भाजलेल्या रुग्णांसाठी मुद्दाम ‘स्नोवर्ल्ड’ रचण्यात आले. त्यात बर्फाच्या दरीतून तरंगत जाताना हिममानवांवर व पेंग्विनांवर हिमगोळे मारायचे असतात.

वेदना का घटते, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांच्या १९६५ च्या द्वार-नियंत्रण उपपत्तीनुसार मज्जारज्जूच्या पृष्ठशृंगात (मागच्या भागात) वेदनासंदेशांसाठी जणू एक फाटक असते. स्पर्शाचे जाड तंतू उद्दीपित झाले की ते आवळते. ठेच लागलेला अंगठा आई चोळते तेव्हा हेच घडते. मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते आवळू शकतात, आणि आभासी दृश्याचा परिणाम मेंदूकडून खाली येणाऱ्या या वाटेने होतो असे काहींचे म्हणणे आहे. दुसरे स्पष्टीकरण अवधानाचे आहे. माणसाचे अवधान मर्यादित असते आणि वेदनेलाही ते लागते. खेळाने बरेचसे व्यापले की वेदनेच्या वाट्याला थोडेच उरते. २००४ मधील मेंदू-प्रतिमांकनाच्या एका प्रयोगात आभासी परिसरात असताना थॅलॅमस, इन्सुला यांसारख्या वेदनेशी निगडित भागांची सक्रियता घटलेली दिसली. हा पुरावा दोन्ही उपपत्तींशी जुळतो. तरीही नुसते पाहण्यापेक्षा खेळण्यात मूल अधिक गुंतते, हा अनुभव अवधानाच्या बाजूचा आहे.

पुराव्याचे वजन बेताचे आहे. २०२० च्या कॉक्रेन समीक्षेत (उपचारांवरील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात) ४ ते १८ वर्षे वयोगटातील १,००८ मुलांचा समावेश असलेल्या १७ चाचण्या तपासल्या गेल्या, आणि निष्कर्षांची खात्री कमी ते अत्यंत कमी ठरविण्यात आली. चष्मा घातलेला मुलाला कळतोच, त्यामुळे अशा चाचण्या आंधळ्या, म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळाला हे लपवून, ठेवता येत नाहीत.

मराठवाड्यात लक्ष वळविण्याची परंपरा जुनी व घरोघरची आहे. सोनार कान टोचत असताना तोंडात गुळाचा खडा देणे, लसीकरणाच्या दिवशी आज्जीने ‘ते बघ काऊ’ म्हणत मान वळविणे, सुई निघताच फुंकर घालणे ही तिची परिचित रूपे. ‘सुई नाही, मुंगी चावणार’ हे मात्र टाळावे. थापेने एक सुई निभते आणि पुढच्या वेळी लेकरू दवाखान्याच्या पायरीवरच भोकाड पसरते. काही मुलांना तर सुई पुन्हा पुन्हा सोसावी लागते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर त्वचेत टोचायची लस ०, ३, ७ व २८ व्या दिवशी घ्यावी लागते. थॅलॅसीमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना सहसा दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथे लांबून, एस.टी.ने येणाऱ्या अशा मुलांचा विश्वास पहिल्याच भेटीत जपणे चष्म्याइतकेच मोलाचे आहे.

या भागात शब्दांवर न चालणारे खेळ अधिक उपयोगी पडावेत, कारण एकाच वॉर्डात मराठी, दखनी व लमाणी बोलणारी मुले असतात. बर्फाचा परिचय येथे गारपिटीच्या गारांतून आणि गारीगारमधून होतो. ‘स्नोवर्ल्ड’मधली बर्फाची दरी अनोळखी असली तरी हिमगोळा फेकणे कोणत्याही मुलाला शिकवावे लागत नाही. पैठणच्या नाथसागर जलाशयावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा परिसर कुणी रचला, तर तो या लेकरांना आपला वाटेल.

वापरताना मुलाला आधी चष्मा हाताळू द्यावा, बसल्या जागी दोन मिनिटे खेळू द्यावे आणि सुई टोचणार हे खरे सांगावे. बधिर करणारे मलम लावायचे असल्यास ते सुमारे तासभर आधी लावतात. खेळ मान वळवून किंवा मोकळ्या हाताने चालणारा निवडावा. इंट्राकॅथ (शिरेत बसवायची बारीक नळी) लावायचा हात सिस्टरच्या हाताखाली स्थिर राहिला पाहिजे. चेहऱ्यावर वा डोक्यावर जखम, फिट येण्याचा इतिहास किंवा उलट्या असल्यास चष्मा टाळतात. भिंगांमधील अंतर मोठ्यांच्या डोळ्यांना धरून असते आणि उत्पादकांची वयोमर्यादा बहुधा १० ते १३ वर्षांची असते. त्याहून लहान मुलांसाठी वापर अल्पकाळ व देखरेखीखाली व्हावा. प्रत्येक मुलानंतर चष्मा पुसून आतील आवरण बदलावे लागते. चष्मा उतरविण्याआधी रक्त टिपून जागेवर पट्टी लावून घ्यावी. सुई सोसलेली पुष्कळ मुले रक्ताचा थेंब पाहून रडतात.