लाकूड एकच, आकडे दोन: बीजकातील किंमत आणि शुल्कपात्र मूल्य

परदेशातून पहिल्यांदाच सागाचे ओंडके मागवणाऱ्या वखारवाल्याच्या हातात अखेरीस दोन कागद येतात. एक असते विक्रेत्याचे बीजक, म्हणजे इन्व्हॉइस. दुसरे असते सीमाशुल्क खात्याकडे दाखल केलेले आयातपत्र, ज्याला बंदरावर सगळे बिल ऑफ एंट्री म्हणतात. दोन्हींवर त्याच मालाची किंमत लिहिलेली असते आणि बहुधा ती जुळत नाही. अधिकाऱ्याने भाव वाढवला, असा पहिला संशय येतो, पण पुष्कळदा कोणी काहीही वाढवलेले नसते. बीजकातील किंमत हा दोन व्यापाऱ्यांमधला करार असतो, तर शुल्कपात्र मूल्य, ज्याला कस्टम्सच्या भाषेत असेसेबल व्हॅल्यू म्हणतात, हे त्या करारापासून सुरू करून कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीने काढलेला आकडा असतो. या लेखात केवळ या दोन आकड्यांचा विचार केला आहे. शुल्काचा दर किती, हा वेगळा प्रश्न आहे.

सीमाशुल्क अधिनियम 1962 च्या कलम 14 नुसार आयात मालाचे मूल्य म्हणजे त्याचे व्यवहारमूल्य, अर्थात भारतात निर्यात करण्यासाठी विकलेल्या मालाबद्दल प्रत्यक्ष दिलेली किंवा देय असलेली किंमत. मात्र त्यासाठी खरेदीदार व विक्रेता एकमेकांशी संबंधित नसावेत आणि त्या व्यवहारात किंमत हाच एकमेव मोबदला असावा. ही व्याख्या 2007 साली आजच्या स्वरूपात आली आणि तिच्या जोडीला त्याच वर्षीचे आयात मालाच्या मूल्यनिर्धारणाचे नियम लागू झाले. दोन्हींचा पाया जागतिक व्यापार संघटनेच्या सीमाशुल्क मूल्यांकन करारात आहे. म्हणजे कायदाही बीजकापासूनच निघतो. फरक एवढाच की तो तिथे थांबत नाही.

कलम 14 किंमत मोजते ती माल आयातीच्या जागी पोहोचेपर्यंतची, तर बीजक अनेकदा एफओबी असते, म्हणजे परदेशी बंदरात माल जहाजावर चढवण्यापर्यंतचे. म्हणून नियम 10 नुसार समुद्रभाडे व विमा त्यात मिळवावे लागतात. विक्रीसाठीची दलाली, बांधणीचा खर्च, आणि विक्रीची अट म्हणून विक्रेत्याला किंवा त्याच्या सांगण्यावरून तिसऱ्याला दिलेली रक्कमही त्यात येते. दलालीच्या बाबतीत एक बारकावा आहे: विक्रेत्याच्या वतीने काम करणाऱ्या दलालाला आयातदाराने दिलेली रक्कम मूल्यात धरली जाते, पण परदेशात खरेदीदाराच्या वतीने ओंडके निवडून देणाऱ्या खरेदी प्रतिनिधीचे मानधन धरले जात नाही. लाकडाच्या धंद्यात असा निवड करणारा माणूस नेमणे सर्रास चालते, पण त्याच्याशी लेखी करार मात्र क्वचितच असतो. मग तो नेमका कोणाचा माणूस होता हे कागदावर सिद्ध करता करता आयातदाराच्या नाकी नऊ येतात.

भाडे व विम्याचा फरक एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. पाच कंटेनरांत मिळून सागाचा 40,000 डॉलर एफओबी किमतीचा माल आला. प्रत्यक्ष भाडे 5,500 डॉलर आणि विमा 100 डॉलर असेल, आणि दोन्हींच्या पावत्या हाती असतील, तर मूल्य 45,600 डॉलर होते. पावत्या नसतील तर नियम स्वतःच आकडे ठरवतो: भाडे एफओबीच्या 20 टक्के आणि विमा 1.125 टक्के. म्हणजे 8,000 आणि 450 मिळवून 48,450 डॉलर. लाकूड तेच, बीजकही तेच, पण दोन कागद न सापडल्यामुळे 2,850 डॉलरचे मूल्य वाढले.

काय मिळवायचे नाही हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पूर्वी माल उतरवण्याचा खर्च म्हणून सरसकट 1 टक्का जोडत असत. खरा खर्च माहीत असताना अशी काल्पनिक रक्कम धरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विप्रो प्रकरणात 2015 साली दिला आणि सप्टेंबर 2017 मध्ये नियमांतूनही ती तरतूद गेली. तसेच न्हावा शेवाला उतरलेला कंटेनर नागपूरच्या अंतर्देशीय कंटेनर डेपोत नेऊन तिथे सोडवला, तर भारतातल्या त्या वाहतुकीचा व विम्याचा खर्च मूल्यात धरत नाहीत. विदर्भातल्या लाकूड व्यापाऱ्याने जहाज कंपनीच्या एकत्रित भाडेपावतीत या दोन टप्प्यांची फोड आधीच मागून घ्यावी, हे उत्तम.

बीजकातला आकडा आणि बिल ऑफ एंट्रीवरचा आकडा न जुळण्याचे आणखी एक साधे कारण म्हणजे डॉलरचा दर. बँकेने पैसे पाठवताना जो दर लावला तो इथे चालत नाही. बिल ऑफ एंट्री सादर केल्याच्या दिवशी लागू असलेला कस्टम्सचा अधिकृत दर लागतो.

कंटेनरऐवजी अख्खे जहाज भाड्याने घेऊन न्यूझीलंडचे पाइनचे ओंडके कांडल्याला आणतात, तिथे हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. भाड्याच्या जहाजाचे विलंबशुल्क आणि बार्जचा, म्हणजे जहाजातला माल किनाऱ्याला आणणाऱ्या पडावांचा खर्च हा वाहतूकखर्चाचाच भाग आहे, असे नियम 10 चे स्पष्टीकरण सांगते, आणि त्यावरून न्यायालयीन वादही झाले आहेत. शिवाय जहाज समुद्रात असतानाच माल दुसऱ्याला विकण्याची, म्हणजे हाय सी सेलची पद्धत या धंद्यात रूढ आहे. अशा वेळी परदेशी विक्रेत्याच्या बीजकातील किंमत नव्हे, तर समुद्रातल्या शेवटच्या विक्रीची किंमत मूल्याचा आधार ठरते. मूळ बीजक खरे असूनही इथे ते अपुरे पडते.

लाकडाच्या मूल्यांकनातला खरा घोळ मात्र किमतीत नसून मापात असतो, असे मला वाटते. सागाच्या गोल ओंडक्याचा व्यवहार बहुतेक ठिकाणी हॉपस मापाने होतो. 18 व्या शतकातील एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीकाराच्या नावाने चालत आलेली ही रीत सोपी आहे: ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. गोल ओंडका चौरस कापताना जे लाकूड वाया जाते ते त्यात ढोबळमानाने वजा होते. 100 सेंटीमीटर घेराच्या आणि 3 मीटर लांबीच्या ओंडक्याचे हॉपस माप 0.1875 घनमीटर भरते. दंडगोलाच्या सूत्राने त्याच ओंडक्याचे खरे घनफळ सुमारे 0.2387 घनमीटर येते. हॉपस माप खऱ्या घनफळाच्या साधारण 78.5 टक्के असते. त्याशिवाय साल आणि बाहेरचे कच्चे लाकूड यांपोटी घेरात व लांबीत काही सेंटीमीटरांची सूट देण्याचा रिवाज आहे, त्यामुळे बीजकातले घनफळ आणखी कमी होते.

आता असे समजा की बीजकात प्रति घनमीटर 400 डॉलर असा भाव आहे आणि तो हॉपस घनमीटरचा आहे. वरच्या ओंडक्याची किंमत 75 डॉलर झाली. तीच किंमत खऱ्या घनफळाला भागली तर भाव सुमारे 314 डॉलर येतो. कोणा आयातदाराने बीजकात फक्त ‘घनमीटर’ असे लिहिले आणि दुसऱ्याने खऱ्या घनफळावर भाव लावला, तर एकाच देशातून एकाच आठवड्यात आलेल्या त्याच दर्जाच्या सागाच्या भावात कस्टम्सच्या संगणकावर पाचवा हिस्सा फरक दिसतो, आणि कमी भाव लावणाऱ्यावर किंमत दडवल्याचा संशय येतो. उलट बंदरात टेप लावून मोजणी झाली आणि ती खऱ्या घनफळाने केली, तर बीजकापेक्षा जास्त माल आल्याचा भास होतो. दोन्ही ठिकाणी एकूण रकमेत पैचाही फरक नसतो. पाइनच्या बाबतीत न्यूझीलंडचे निर्यातदार जपानी मानक, म्हणजे जेएएस घनमीटर वापरतात. त्यात ओंडक्याच्या बारीक टोकाच्या व्यासाचा वर्ग लांबीने गुणतात. तेव्हा प्रति घनमीटर भाव वाचताना घनमीटर कोणता, हे आधी विचारायला हवे; आणि बीजक व पॅकिंग लिस्ट या दोन्हींवर मापाची रीत व दिलेली सूट स्पष्ट लिहून घेणे आयातदाराच्याच हिताचे आहे.

संशय आला म्हणजे मूल्य आपोआप वाढत नाही. नियम 12 अधिकाऱ्याला जाहीर केलेल्या किमतीच्या खरेपणाबद्दल खुलासा मागण्याचा अधिकार देतो. त्याच सुमारास तुलनीय प्रमाणात आलेल्या तशाच मालाची लक्षणीय जास्त किंमत, असाधारण सवलत, दर्जा वा प्रतीचा उल्लेख नसणे, मूळ देश चुकीचा दाखवणे ही संशयाची मान्य कारणे आहेत. खुलासा ऐकूनही रास्त शंका उरली तरच बीजकातील किंमत बाजूला ठेवता येते. आयशर ट्रॅक्टर्स प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने भरघोस सवलतीत विकलेल्या जुन्या साठ्यातील बेअरिंगांची प्रत्यक्ष किंमत मान्य केली होती आणि केवळ निर्मात्याची दरसूची दाखवून ती नाकारता येणार नाही असे सांगितले होते. सेंच्युरी मेटल रीसायकलिंग प्रकरणात 2019 साली, शंका का आली याची कारणे अधिकाऱ्याने दिली पाहिजेत, हे त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले.

किंमत नाकारली गेली तर पुढचा क्रम ठरलेला आहे. आधी नियम 4 नुसार तंतोतंत तसाच माल, मग नियम 5 नुसार मिळताजुळता माल. लाकडात ‘तंतोतंत तसाच’ हे प्रकरण अवघड असते, कारण घेर, लांबी, गाठी आणि लागवडीचे वय बदलले की सागाचा भाव बदलतो. 60 सेंटीमीटर घेराच्या कोवळ्या सागाची तुलना 120 सेंटीमीटरच्या ओंडक्याशी होऊ शकत नाही. एकाहून अधिक तुलनीय किमती मिळाल्या तर त्यांतली सर्वांत कमी धरावी लागते, ही गोष्ट अनेक आयातदारांना ठाऊकच नसते. हेही जमले नाही तर नियम 7 नुसार भारतातल्या विक्रीभावातून नफा, देशांतर्गत वाहतूक आणि कर वजा करून मागे यायचे, किंवा नियम 8 नुसार उत्पादनखर्चावरून पुढे जायचे. शेवटचा नियम 9 लवचीक आहे, पण त्यालाही कुंपण आहे: भारतात तयार झालेल्या मालाचा इथला विक्रीभाव, निर्यातदार देशातला अंतर्गत भाव, दोन पर्यायांतली जास्त किंमत, किमान ठरवलेले मूल्य किंवा मनमानी आकडा यांपैकी काहीही आधाराला घेता येत नाही. वन विभागाच्या आगारातला लिलावाचा भाव दाखवून आयात सागाचे मूल्य ठरवायचे, ही वाट त्यामुळे बंद आहे.

कोकणातल्या वाचकांना सुपारीवरून आणखी एक गोष्ट आठवेल. आयात सुपारी, पामतेल, सोने यांसाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ कलम 14(2) खाली टॅरिफ मूल्य जाहीर करते, आणि तिथे बीजकात काय लिहिले आहे याला महत्त्व नसते. लाकडासाठी असे जाहीर मूल्य नाही. कस्टम्सच्या आयात माहितीसंचातले सरासरी भाव म्हणजे टॅरिफ मूल्य नव्हे. ते चौकशी कुठून सुरू करावी एवढेच सांगतात.

अधिकाऱ्याने मूल्य बदलले आणि आयातदाराला ते मान्य नसेल, तर कलम 17(5) नुसार 15 दिवसांत कारणांसह आदेश काढावा लागतो आणि त्यावर 60 दिवसांत अपील करता येते. बंदराचे भाडे चढत असल्यामुळे घाईत मान्यतेचे पत्र लिहून दिले, तर असा आदेश काढण्याचे बंधन उरत नाही. दुसरा मार्ग कलम 18 च्या तात्पुरत्या आकारणीचा आहे. बंधपत्र व हमी देऊन माल सोडवता येतो आणि वाद नंतर मिटतो. स्वतःच भरलेल्या बिल ऑफ एंट्रीत 20 टक्के भाडे धरले गेले असेल, तर थेट परतावा मागता येत नाही. आकारणी बदलून घेतल्याशिवाय परतावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आयटीसी प्रकरणात 2019 साली ठरवले आहे. त्यासाठी अपील करता येते, किंवा कलम 149 खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती मागता येते, पण या कलमाखालची दुरुस्ती माल सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदपत्रांवरच होते. वरच्या उदाहरणातली 5,500 डॉलरची भाडेपावती त्या तारखेनंतरची असेल, तर या मार्गाने ती उपयोगी पडत नाही.