मातीकामाच्या साच्यासाठी प्लास्टर कोणते घ्यावे?

पोळ्याचे मातीचे बैल, गुलाबाई-गुलोजींच्या मूर्ती आणि दिवाळीच्या पणत्या यांचा हंगाम खानदेशात एकापाठोपाठ येतो, त्यामुळे साच्यांवरचे बरेचसे काम ऐन पावसाळ्यात उरकावे लागते. साच्याने मातीतले पाणी ओढून घेतले, तरच वस्तू आक्रसून अलगद सुटते. आपल्याकडच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीचे बारीक कण पाणी घट्ट धरून ठेवतात, म्हणून ती मिसळलेली असेल तर साच्याची शोषणशक्ती आणखी महत्त्वाची ठरते.

ही शक्ती येते कुठून? जिप्सम या खनिजात कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात. ते सुमारे 150 अंश सेल्सियसला भाजले की त्यातले दीड रेणू पाणी निघून जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस उरते. त्यात पाणी मिसळले की पुन्हा जिप्समचे स्फटिक तयार होऊन एकमेकांत गुंततात. या क्रियेला 100 किलो प्लास्टरमागे जेमतेम 18.6 किलो पाणी पुरते. पण ओतण्याजोगा घोळ होण्यासाठी साच्याच्या नेहमीच्या प्लास्टरला सुमारे 70 किलो लागते. उरलेले पाणी वाळून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात. अशा साच्याचे जवळजवळ अर्धे आकारमान पोकळ असते.

म्हणून दुकानात ‘कडक होते का?’ यापेक्षा ‘100 किलोला पाणी किती?’ हे विचारणे अधिक उपयोगाचे. उघड्या कढईत भाजलेल्या बीटा प्रकाराचे कण खडबडीत आणि सच्छिद्र असल्याने त्याला जास्त पाणी लागते. वाफेच्या दाबाखाली तयार केलेल्या अल्फा प्रकाराचे स्फटिक घट्ट असतात, त्याला 30 ते 45 किलो पुरते. अल्फाचा साचा दणकट होतो खरा, पण पाणी फारच कमी ओढतो. ज्यावरून पुढचे साचे ओतायचे त्या मूळ साच्यासाठी तो उत्तम. माती दाबण्यासाठी किंवा पातळ मातीचा घोळ ओतण्यासाठी बीटाच घ्यावे. छताच्या कामाचे स्वस्त पोते मात्र टाळावे, कारण त्यात घट्ट होणे लांबवणारी द्रव्ये आणि इतर भर असू शकते. सिरॅमिक उद्योगाच्या प्लास्टरसाठी आयएस 2333 हे वेगळे भारतीय मानक आहे. पोत्यावर तो क्रमांक असल्यास निवड सोपी होते.

प्लास्टर चांगले असूनही दमट हवेत पोते उघडे राहिले की ते हळूहळू ओल धरते. थोडेसे भिजवून पाहावे: घट्ट होताना ते गरम झाले नाही आणि नंतर नखाने सहज खरवडले गेले, तर ते साच्याच्या कामाचे राहिलेले नाही. भिजवताना नेहमी पाण्यात प्लास्टर चाळून टाकावे, उलट करू नये. खाऱ्या बोअरच्या पाण्याने घट्ट होण्याचा वेळ बदलतो आणि वाळताना साच्यावर क्षार फुलून येतात.

एकूण पाहता साचे उन्हाळ्यातच ओतून ठेवलेले बरे, फक्त ते पत्र्यावर टाकू नयेत. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात हवाच 45 अंशांच्या पुढे जाते, तापलेला पत्रा त्याहून कितीतरी अधिक. आणि वाळत आलेला साचा 50 अंशांच्या वर बराच वेळ राहिला, तर त्याच्या कडांमधले जिप्सम पुन्हा पाणी सोडून भुसभुशीत होते. त्यांच्यासाठी वारा खेळणारी सावलीच योग्य.